तारे घडवणे थांबवलेली दीर्घिका

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रात्री दहाच्या सुमारास वसई-विरारच्या आकाशात मघेचा ठळक तारा जवळजवळ डोक्यावर आलेला असतो. तिथून नजर सरळ दक्षिणेकडे, म्हणजे वसईच्या खाडीच्या दिशेने, वीस अंश खाली आणायची. हात लांब धरला की आपली मूठ आकाशात साधारण दहा अंश झाकते, म्हणजे हे अंतर दोन मुठींचे. तिथे नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नाही. हा भाग सेक्स्टन्स नावाच्या फिकट तारकासमूहाचा. पोलंडचा खगोलज्ञ योहानेस हेवेलियस याने सतराव्या शतकात त्याला आपल्या कोनमापक यंत्राचे नाव दिले. पण सहा किंवा आठ इंची आरशाची दुर्बीण नेमकी त्या जागी वळवली, तर दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये उजळ असा एक छोटा धुरकट पट्टा दिसतो. हीच एनजीसी ३११५ ही दीर्घिका.

क्षितिजापासून त्रेसष्ट अंश उंचीवर ती आपल्याकडे चढते. इंग्लंडमधल्या निरीक्षकाला ती याच्या जवळपास निम्म्याच उंचीवर, अधिक जाड हवेतून शोधावी लागते, तर कोकणपट्टीतल्या माणसाला ती ऐन उंचावर मिळते. तिची दृश्यप्रत सुमारे नऊ आहे. म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या सहाव्या प्रतीच्या ताऱ्यापेक्षा ती जवळपास सोळापट फिकी. तरी तिचा बराचसा प्रकाश मधल्या भागात एकवटलेला असल्याने शहराच्या उजेडातही ती तग धरते. फिकट हातांच्या मोठ्या सर्पिल दीर्घिका अशा आकाशात विरून जातात. नालासोपारा किंवा विरार स्टेशनजवळच्या गच्चीवरून प्रयत्न करण्यापेक्षा अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव या किनाऱ्यांवर जावे. मेच्या मध्यावर रात्री साडेनऊला ती नैर्ऋत्येला, निम्म्या उंचीवर असते आणि तिथून समुद्राकडे कलत जाते. समुद्राच्या बाजूला इमारती नाहीत, दिवेही थोडे. जूनमध्ये ढग आले की हंगाम संपला.

ही दीर्घिका मुद्दाम निवडण्याचे कारण असे की ती भिंगाकार दीर्घिकांचा आपल्याला सर्वांत जवळ मिळणारा उत्तम नमुना आहे. आणि भिंगाकार दीर्घिका कशा घडल्या, या प्रश्नावर पुण्यातल्या संशोधकांनी महत्त्वाचे काम केले आहे.

तीन कोटी वर्षांपूर्वीचा उजेड

विल्यम हर्शेलने ही दीर्घिका २२ फेब्रुवारी १७८७ रोजी टिपली. फेब्रुवारीच्या त्या आठवड्यात ती मध्यरात्री आकाशात सर्वांत उंच असते, त्यामुळे तारखेत नवल नाही. पुढे जॉन ड्रायरने १८८८ मध्ये तेजोमेघ आणि तारकागुच्छांची मोठी यादी प्रसिद्ध केली. त्या यादीतला तिचा अनुक्रमांक ३११५. तिच्या आकारामुळे तिला 'स्पिंडल', म्हणजे सूतकताईची चाती, असेही म्हणतात.

ती आपल्यापासून सुमारे ३.२ कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. एक प्रकाशवर्ष म्हणजे सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर. एवढे अंतर मोजतात कसे? पहिला मार्ग वर्णपटाचा. दीर्घिकेच्या प्रकाशातल्या ठरावीक रेषा तांबड्या रंगाकडे किती सरकल्या आहेत, यावरून ती सेकंदाला सुमारे ६६० किलोमीटर वेगाने दूर जात असल्याचे कळते. विश्व प्रसरण पावत असल्याने दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे हा वेग साधारण ७० किलोमीटरने वाढतो. भागाकार केला तर अंतर येते ३.१ कोटी प्रकाशवर्षे. परंतु शेजारच्या दीर्घिका प्रसरणाखेरीज स्वतःच्या गतीनेही इकडेतिकडे सरकत असतात. त्यामुळे जवळच्या दीर्घिकेसाठी हा हिशेब एकटा पुरत नाही. म्हणून दुसरा मार्ग वापरतात. दीर्घिकेतले सुटे तारे दिसले नाहीत तरी तिच्या प्रतिमेत एक रवाळपणा असतो. दीर्घिका जितकी दूर, तितके प्रतिमेच्या प्रत्येक ठिपक्यात अधिक तारे मावतात आणि रवाळपणा कमी होतो. तो मोजून काढलेले अंतर ३.२ कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास येते. दोन्ही उत्तरे जुळतात.

आज दुर्बिणीत शिरणारा हा उजेड तिथून निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता. पण तुंगारेश्वर आणि जीवदानीच्या डोंगरांतला काळा खडक होता. दख्खनच्या लाव्हाचे महाउद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी झाले. म्हणजे तो लाव्हा थंड होऊन तेव्हा तीन कोटी वर्षे उलटून गेली होती.

अंतर कळले की आकार काढता येतो. आकाशात या दीर्घिकेची लांबी सुमारे सात कला, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या जवळपास पाव भाग. त्यावरून तिचा उजळ भाग सुमारे ६५ हजार प्रकाशवर्षे पसरलेला असल्याचे निघते. आपल्या आकाशगंगेची ताऱ्यांची तबकडी साधारण एक लाख प्रकाशवर्षांची मानली जाते. तेव्हा ही काही राक्षसी दीर्घिका नव्हे.

हबलने चुकीच्या खान्यात घातलेली

दीर्घिकांचे वर्गीकरण एडविन हबलने १९२६ मध्ये मांडले. एका बाजूला लंबवर्तुळाकार दीर्घिका. त्यांत ताऱ्यांचा गोलसर किंवा लांबट गोळा असतो, हात नसतात, ताऱ्यांच्या कक्षा सर्व दिशांना असतात. दुसऱ्या बाजूला आकाशगंगेसारख्या सर्पिल दीर्घिका. त्यांत चपटी तबकडी, तिच्यावर वळणदार हात आणि मध्ये फुगवटा. लंबवर्तुळाकार दीर्घिका किती चपटी दिसते त्यानुसार हबलने तिला ई-० ते ई-७ असे क्रमांक दिले. १९३६ मध्ये 'द रेल्म ऑफ द नेब्युली' या पुस्तकात त्याने या दोन शाखांच्या सांध्यावर एस-० नावाचा एक प्रकार कल्पिला. तबकडी आहे पण हात नाहीत, अशी दीर्घिका असावी असा त्याचा तर्क होता. आश्चर्य असे की त्याच पुस्तकात सर्वांत चपट्या ई-७ प्रकाराचा नमुना म्हणून त्याने छापलेले छायाचित्र एनजीसी ३११५ चेच होते. म्हणजे कल्पिलेल्या प्रकाराची दीर्घिका त्याच्या हातात होती आणि त्याने ती शेजारच्या खान्यात घातली होती.

त्यात त्याचा फार दोष नाही. सालीसकट मसुराचा दाणा कडेने धरून पाहिला तर तो लांबट दिसतो. तो चपटा व गोल आहे हे तो फिरवल्याशिवाय कळत नाही, आणि दीर्घिका काही फिरवून पाहता येत नाही. एनजीसी ३११५ आपल्याला जवळजवळ पूर्ण कडेने दिसते. चांगल्या छायाचित्रांत तिच्या फुगवट्यातून आरपार जाणारी पातळ, तीक्ष्ण तबकडी उठून दिसू लागली, तेव्हा चूक उलगडली. ॲलन सँडेजने १९६१ मध्ये हबलच्या दीर्घिकांचा चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. त्यात ही दीर्घिका एस-० प्रकारात, म्हणजे भिंगाकारांत, जाऊन बसली.

चपटेपणा डोळ्यांना दिसला, तो गतीतूनही पक्का झाला. तबकडी असेल तर तारे एकाच दिशेने रांगेने फिरले पाहिजेत. कडेने पाहताना एका बाजूचे तारे आपल्याकडे येताना आणि दुसऱ्या बाजूचे लांब जाताना दिसले पाहिजेत. दीर्घिकांच्या फिरण्यावरून अदृश्य द्रव्याचा पुरावा उभा करणाऱ्या व्हेरा रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये या दीर्घिकेचे परिवलन मोजले. तिथले तारे सेकंदाला अडीचशे किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने केंद्राभोवती फिरतात. आपला सूर्य आकाशगंगेच्या केंद्राभोवती साधारण सव्वादोनशे किलोमीटर वेगाने फिरतो. गतीच्या दृष्टीने ही सर्पिल दीर्घिकांचीच बहीण. फरक आहे तो दुसऱ्याच गोष्टीत.

हात कुठे गेले?

सर्पिल दीर्घिकेचे हात उठून दिसतात ते नव्या ताऱ्यांमुळे. थंड वायूचे ढग हातांत दाटतात, त्यांतून तारे जन्मतात, आणि त्यांतले सर्वांत वजनदार तारे निळसर पांढऱ्या प्रखर तेजाने झळकतात. हे तारे इंधन उधळतात. सूर्यासारखा तारा सुमारे हजार कोटी वर्षे जगतो, पण सूर्याच्या वीसपट वजनाचा तारा एक कोटी वर्षेही पुरी करत नाही. म्हणून हात झळकत राहायचे तर नव्या ताऱ्यांचा जन्म अखंड चालू राहावा लागतो. वायूचा पुरवठा तुटला की निळे तारे विश्वाच्या मापाने पाहता पाहता विझतात. मागे उरतात ते कमी वजनाचे, दीर्घायुषी, पिवळसर तांबूस तारे. काही अब्ज वर्षांत हातांची नक्षी पुसली जाते. तबकडी मात्र तशीच राहते, कारण त्या उरलेल्या ताऱ्यांनी आपली वाटचाल बदललेली नसते.

भिंगाकार दीर्घिका म्हणजे थोडक्यात हेच. तबकडी आहे, मोठा फुगवटा आहे, वायू आणि धूळ फारच कमी, नवे तारे जवळजवळ नाहीत. एनजीसी ३११५ यात अगदी ठळक आहे. कालेय तारकासमूहातली एनजीसी ५८६६ ही दुसरी प्रसिद्ध भिंगाकार दीर्घिका. तिलाही आपण कडेने पाहतो आणि हबल दुर्बिणीच्या छायाचित्रात तिच्या मधोमध धुळीची काळी रेघ स्पष्ट दिसते. एनजीसी ३११५ मध्ये अशी रेघ दिसत नाही.

ताऱ्यांची वये वर्णपटातून काढता येतात. हायड्रोजन आणि धातूंच्या रेषांची तीव्रता ताऱ्यांच्या वयानुसार व रासायनिक घडणीनुसार बदलते. एनजीसी ३११५ च्या फुगवट्यातले बहुतेक तारे हजार कोटी वर्षांपेक्षा जुने आहेत, तर तबकडीतले त्यांच्याहून काही अब्ज वर्षांनी लहान. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे आहे. म्हणजे विश्वाच्या पहिल्या एक-तृतीयांश काळातच या दीर्घिकेचा गाभा तयार झाला होता.

तिच्याभोवती शेकडो गोलाकार तारकागुच्छ आहेत, आणि त्यांचे रंगावरून सरळ दोन गट पडतात. एक गट निळसर, ज्यात धातू कमी. दुसरा तांबूस, ज्यात धातू जास्त. (खगोलशास्त्रात हायड्रोजन आणि हेलियम सोडून बाकी सगळ्या मूलद्रव्यांना धातूच म्हणतात.) सुबारू आणि केक या हवाईतल्या मोठ्या दुर्बिणींनी या गुच्छांच्या गती मोजल्या, तेव्हा एक दोन टप्प्यांची कहाणी पुढे आली. आधी मधला भाग आपल्याच वायूतून वेगाने घडला. नंतर अब्जावधी वर्षे लहान लहान दीर्घिका येऊन बाहेरच्या भागात विरघळत गेल्या आणि आपले तारकागुच्छ तिथे ठेवून गेल्या.

वायू नेला कोणी?

इथे खरी वादाची जागा आहे. वायू गेला हे सगळ्यांना मान्य, पण तो कसा गेला याला एकच उत्तर नाही.

पहिले उत्तर गर्दीचे. हजारो दीर्घिका एकत्र असलेल्या समूहांत दोन दीर्घिकांमधल्या जागेत कोट्यवधी अंश तापमानाचा विरळ वायू भरलेला असतो. त्यातून वेगाने जाणाऱ्या दीर्घिकेवर त्याचा दाब पडतो आणि तिचा स्वतःचा थंड वायू मागे निघून जातो. ताऱ्यांना हा वारा हलवू शकत नाही, म्हणून तबकडी टिकते. जेम्स गन आणि रिचर्ड गॉट यांनी १९७२ मध्ये हे गणित मांडले. त्याला बळ देणारे निरीक्षण ॲलन ड्रेसलर यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी ५५ समूह तपासले. गर्दी जितकी जास्त, तितक्या सर्पिल दीर्घिका कमी आणि भिंगाकार जास्त, असा सरळ कल त्यांना आढळला.

पण एनजीसी ३११५ या उत्तरात बसत नाही. ती कोणत्याही मोठ्या समूहात नाही. तिच्या जवळ एक खुजी दीर्घिका तेवढी आहे, एरवी ती बऱ्यापैकी एकटी आहे. तिचा वायू ओरबाडून नेईल असा वारा तिच्या परिसरात नाही.

दुसरे उत्तर उपासमारीचे. दीर्घिका बाहेरून मिळणाऱ्या ताज्या वायूवर जगते. तो ओघ थांबला की साठलेला वायू तारे घडवण्यात संपतो. तिसरे उत्तर टकरींचे. दोन दीर्घिका एकमेकींत मिसळल्या की वायू केंद्राकडे ओढला जातो, तिथे ताऱ्यांच्या जन्माचा एक जोरदार भडका उडतो आणि साठा एकदम खर्ची पडतो. चौथे उत्तर फुगवट्याचे. फुगवटा फार जड झाला तर त्याच्या गुरुत्वाकर्षणामुळे तबकडीतला वायू स्थिर राहतो. असलेला वायूसुद्धा ढगांत दाटत नाही आणि तारे घडत नाहीत.

चारही उत्तरे पटण्याजोगी आहेत. मग कोणत्या दीर्घिकेला कोणते लावायचे?

पुण्याचे उत्तर: प्रकार एक, कुळे दोन

या प्रश्नाकडे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या आणि तिच्याशी जोडलेल्या संशोधकांनी वेगळ्या बाजूने पाहिले. प्रा. जयंत नारळीकर हे आयुकाचे संस्थापक संचालक. ही संस्था १९८८ मध्ये स्थापन झाली. पुढे तिचे संचालक झालेले अजित केंभावी, तसेच सुधांशू बर्वे, योगेश वाडदेकर, रविकुमार आणि मेक्सिकोतले दिवाकर मय्या यांनी २००७ मध्ये भिंगाकार दीर्घिकांवरचा एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता. दीर्घिकेचा फुगवटा आणि तिची तबकडी यांच्या आकारांत काही नाते आहे का?

यासाठी प्रतिमेतला फुगवट्याचा प्रकाश आणि तबकडीचा प्रकाश वेगळा करावा लागतो. तबकडीची तेजस्विता केंद्रापासून ठरावीक अंतर गेले की ठरावीक प्रमाणात घटते, पुन्हा तेवढेच अंतर गेले की पुन्हा तेवढ्याच प्रमाणात. फुगवट्याची तेजस्विता वेगळ्या वक्राने उतरते: केंद्राजवळ एकदम, पुढे रेंगाळत. एकूण तेजस्वितेला हे दोन वक्र एकत्र बसवून संगणक दोघांची मापे सांगतो. हे काम त्यांनी अवरक्त प्रकाशातल्या प्रतिमांवर केले. अवरक्त प्रकाश धुळीत फारसा अडत नाही, शिवाय तो प्रामुख्याने जुन्या ताऱ्यांचा असतो. दीर्घिकेचे खरे वजन त्याच ताऱ्यांत असते.

उत्तर दुपेडी आले. कमी तेजस्वी भिंगाकार दीर्घिकांत फुगवटा मोठा असेल तर तबकडीही मोठी असते. जास्त तेजस्वी भिंगाकारांत नेमके उलटे: फुगवटा मोठा तर तबकडी लहान. नाव एक, प्रकार एक, पण दोन गटांचे वागणे परस्परविरुद्ध. त्यावरून निघालेला निष्कर्ष असा: फिकट भिंगाकारांचा इतिहास सर्पिल दीर्घिकांसारखा दिसतो. त्यांचा फुगवटा तबकडीतलेच द्रव्य हळूहळू आत सरकून तयार होतो. तेजस्वी भिंगाकार मात्र निराळ्या वाटेने आले असले पाहिजेत, लंबवर्तुळाकार दीर्घिकांशी नाते सांगणाऱ्या एखाद्या लवकरच्या, झपाट्याच्या घडामोडीतून.

२०१३ मध्ये कौस्तुभ वाघमारे, बर्वे आणि केंभावी यांनी स्पिट्झर या अवरक्त अवकाश दुर्बिणीच्या प्रतिमांवरून १८५ भिंगाकार दीर्घिका तपासल्या. तबकडीसारख्या स्वभावाचे 'आभासी फुगवटे' प्रामुख्याने फिकट गटातच सापडतात, असे त्यांना दिसले. ज्या दीर्घिकांत असे फुगवटे आहेत त्यांच्या तबकड्याही सरासरीने लहान आणि मध्यभागी मंद निघाल्या. २००७ च्या निष्कर्षाला वेगळ्या दुर्बिणीतून, वेगळ्या मापांवरून दुजोरा मिळाला.

एनजीसी ३११५ ची तेजस्विता या दोन गटांच्या सीमारेषेपासून फार लांब नाही. तिचा फुगवटा मात्र जुन्या, जड वळणाचा आहे. तिला एकाच कुळात कोंबण्यापेक्षा तिच्या प्रत्येक भागाचे वय आणि गती स्वतंत्रपणे तपासावी लागते ती यामुळेच.

पोटात दैत्य, पण उपाशी

जड फुगवट्याच्या केंद्रात जड कृष्णविवर असते, हा नियम इथेही खरा ठरतो. जॉन कॉरमेंडी आणि डग्लस रिचस्टोन यांनी १९९२ मध्ये हवाईच्या मौना केया पर्वतावरच्या दुर्बिणीने केंद्राजवळच्या ताऱ्यांच्या गती मोजल्या. दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वजनाला न झेपणाऱ्या त्या गती होत्या. केंद्रात शंभर कोटी सूर्यांच्या वजनाइतके काहीतरी अदृश्य असल्याखेरीज हिशेब लागत नव्हता. हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांनंतर हा आकडा दोनशे कोटींपर्यंत गेला. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरचे कृष्णविवर सुमारे ४३ लाख सूर्यांचे आहे. दोनशे कोटी सूर्यांच्या कृष्णविवराची सीमा केंद्रापासून सुमारे ५९० कोटी किलोमीटरवर पडते, जवळजवळ प्लुटोच्या कक्षेइतकी. पृथ्वीच्या याहून जवळ एवढे मोठे दुसरे कृष्णविवर माहीत नाही.

असे असूनही तिथे झगमगाट नाही. कृष्णविवर स्वतः चमकत नाही, त्यात पडताना तापणारा वायू चमकतो. इथे वायूच तुटपुंजा आहे. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे नाव दिलेल्या 'चंद्रा' या क्ष-किरण दुर्बिणीने २०११ मध्ये दाखवले की केंद्रापासून सुमारे ७०० प्रकाशवर्षांवर उष्ण वायू कृष्णविवराच्या पकडीत येतो आणि आत सरकताना आणखी तापत जातो. कृष्णविवराच्या ओढीने आत चाललेला वायू तापत जाताना प्रत्यक्ष दिसावा, इतकी स्पष्ट प्रतिमा फार थोड्या दीर्घिकांत मिळते. जवळीक आणि प्रचंड वजन या दोन्हींचा तो लाभ.

खोडदची साक्ष

वायू संपला की ताऱ्यांचा जन्म थांबतो, हा या लेखाचा कणा. त्याची विश्वाच्या पातळीवरची एक साक्ष नारायणगावजवळच्या खोडद गावातून मिळाली आहे. तिथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲन्टेनांची. थंड हायड्रोजन २१ सेंटिमीटर तरंगलांबीची क्षीण रेडिओ लहर सोडतो. दूरच्या एकेका दीर्घिकेची ही लहर इतकी मंद असते की ती पकडता येत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातले आदित्य चौधुरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकत्र करून त्यांची सरासरी काढली. २०२० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात तो निष्कर्ष आला. आठशे कोटी वर्षांपूर्वीच्या तारे घडवणाऱ्या दीर्घिकांत थंड हायड्रोजन भरपूर होता, पण त्या तो इतक्या वेगाने खर्च करत होत्या की बाहेरून भर पडली नसती तर एक ते दोन अब्ज वर्षांत साठा संपला असता. विश्वातला ताऱ्यांचा जन्मदर तेव्हापासून का घसरला, याचे ते थेट उत्तर ठरते. हा ओघ आटल्यावर दीर्घिका कशी दिसते, ते एनजीसी ३११५ मध्ये पाहायला मिळते.

तबकड्या किती लवकर बनू शकतात, हेही आता कळू लागले आहे. याच केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी २०२५ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीच्या प्रतिमांत एक सर्पिल दीर्घिका ओळखली आणि तिला 'अलकनंदा' असे नाव दिले. विश्व अवघे दीड अब्ज वर्षांचे असतानाची ती आहे, आणि तरी तिला नीट तबकडी आणि दोन रेखीव हात आहेत. इतक्या लवकर तबकडी बसू शकत असेल, तर ती झळकून, वायू गमावून शांत व्हायला पुढे भरपूर काळ उरतो.

आपली आकाशगंगा आज वर्षाला साधारण एक-दोन सूर्यांएवढे द्रव्य नव्या ताऱ्यांत घालते. तिच्याकडचा वायूही अमर्याद नाही. बाहेरून भर पडली नाही तर तो काही अब्ज वर्षे पुरेल.

हबलने एस-० हा दोन प्रकारांमधला एक सांधा मानला होता. आज तसे मानता येत नाही. भिंगाकार हा एक प्रवास नसून मुक्काम आहे, आणि तिथे पोचायच्या वाटा अनेक आहेत: कुणाचा वायू समूहाने हिरावला, कुणाचा टकरीत उडाला, कुणाचा वापरून संपला. आकार दीर्घिकेची आजची अवस्था सांगतो, तिचा इतिहास सांगत नाही. इतिहास हवा असेल तर फुगवटा आणि तबकडी वेगळी करून मोजावी लागते, ताऱ्यांची वये आणि तारकागुच्छांच्या गती तपासाव्या लागतात.

हे काम केवळ मोठ्या वेधशाळांतच होते असे मात्र नाही. वर सांगितलेल्या बहुतेक सर्वेक्षणांच्या प्रतिमा आंतरजालावर सर्वांसाठी मोफत खुल्या आहेत. 'गॅलक्सी झू' या प्रकल्पात २००७ पासून जगभरचे हौशी लोक दीर्घिकांचे आकार ओळखून शास्त्रज्ञांना मदत करत आले आहेत. भारतात डॉ. आनंद होता यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या 'रॅड ॲट होम' उपक्रमात विज्ञान शाखेचे विद्यार्थी जीएमआरटीच्या निरीक्षणांतून अनोख्या दीर्घिका शोधायला शिकतात. वसई-विरारच्या महाविद्यालयांत भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी यात जरूर उतरावे. संगणक, आंतरजाल आणि चिकाटी एवढेच भांडवल त्याला लागते.